भाड्याच्या घरात दोन विद्युत शॉवर एकाच वेळी चालवावेत का?

उंबरठा (धागाकर्ता)

आम्ही चौघे जण एका भाड्याच्या घरात राहतो. घरात दोन न्हाणीघरे आहेत आणि दोन्हींमध्ये भिंतीवर बसवलेले विद्युत शॉवर आहेत, म्हणजे साठवणीची टाकी नसलेले आणि पाणी वाहत असतानाच ते तापवणारे. वरच्या शॉवरवर ९.५ किलोवॅट आणि खालच्यावर ८.५ किलोवॅट असे छापलेले आहे. सकाळी सात ते आठ या एका तासात चौघांनाही बाहेर पडायचे असल्यामुळे दोन्ही शॉवर बहुतेक रोज एकदमच सुरू असतात.

गेल्या दोन आठवड्यांपासून दुसरा शॉवर सुरू झाला की स्वयंपाकघरातला दिवा मंदावतो. परवा मेन स्विचच्या पेटीवर सहज हात ठेवला, तर ती चांगलीच कोमट लागली. घरमालकांना फोन केला तेव्हा "एका वेळी एकच चालवा" एवढे सांगून त्यांनी विषय संपवला. आमच्यातला एक जण म्हणतो की फ्यूज उडत नाही तोवर काळजीचे कारणच नाही, आणि तो रोज तितक्याच निश्चिंतपणे अंघोळ करतो. त्याचे म्हणणे बरोबर आहे का, आणि यात दुरुस्तीची गरज असेल तर ती कोणी करायची, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

कोमट_पाणी

चौघांचे वेळापत्रक करून न्हाणीघराच्या दारावर चिकटवावे. आमच्याकडे असे वेळापत्रक होते आणि ते पहिल्याच आठवड्यात वाफेने ओले होऊन गळून पडले.

निवृत्त_तारतंत्री

धागाकर्त्यांनी आकडे दिले हे फार चांगले केले, कारण या विषयावरचे बहुतेक वाद आकड्यांशिवायच होतात.

अशा शॉवरवर छापलेली क्षमता पुष्कळदा २४० व्होल्टला मोजलेली असते. प्रत्यक्ष पुरवठा २३० व्होल्टचा धरला, तर ९.५ किलोवॅटचा शॉवर सुमारे ३८ अँपिअर प्रवाह घेतो आणि ८.५ किलोवॅटचा सुमारे ३४ अँपिअर. दोन्ही मिळून ७२ अँपिअर झाले. यात किटली, धुलाई यंत्र किंवा ओव्हन अजून धरलेलेच नाहीत, आणि तुमच्या घरात ही उपकरणेसुद्धा त्याच सकाळच्या तासात चालत असणार. आता हे ७२ अँपिअर ज्या वाटेने येतात, त्या वाटेवरचे प्रत्येक ठिकाण तपासावे लागेल: बाहेरून येणारी सेवावाहिनी, मुख्य फ्यूज, मीटर, मेन स्विच आणि मग प्रत्येक शॉवरची स्वतंत्र तार. घरांतले मुख्य फ्यूज साधारणपणे ६०, ८० किंवा १०० अँपिअरचे आढळतात. तुमचा ६० चा असेल तर तुम्ही रोज सकाळी मर्यादेबाहेर जात आहात, आणि १०० चा असेल तर शॉवर दोन असण्यात मुळात काहीच गैर नाही. म्हणून "दोन शॉवर चालतात का" या प्रश्नाचे उत्तर त्या पेटीवरचा आकडा वाचल्याशिवाय कोणीही देऊ नये. मीसुद्धा देणार नाही.

कोमट लागलेल्या पेटीचे मला मात्र जास्त महत्त्व वाटते. सांध्यावर निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एका शॉवरचे ३८ अँपिअर आणि दोघांचे ७२ अँपिअर यांत प्रवाह दुपटीहून थोडा कमीच वाढला, पण उष्णता साडेतीन पटींहून अधिक झाली. एखादा स्क्रू जरा सैल असेल, तर एक शॉवर चालताना ते कळत नाही आणि दोन चालताना मात्र तिथली तार भाजू लागते. भाजलेला सांधा अधिक खराब होतो आणि खराब सांधा अधिक तापतो, असे हे चक्र सुरू राहते. पेटी तपासली जाईपर्यंत दोन्ही शॉवर एकदम चालवणे आजपासूनच थांबवा. फ्यूजच्या सीलबंद पेटीला हात लावू नका, ती वीज कंपनीची असते.

सव्वासात

काकांचा अनुभव मान्य करूनही मला हे भय थोडे वाढवलेले वाटते. आमच्या आधीच्या घरात सहा वर्षे दोन शॉवर आणि एक ओव्हन एकाच वेळी चालत असत आणि एकदाही फ्यूज उडाला नाही. फ्यूज हा रक्षणासाठीच बसवलेला असतो ना? तो सहन करतो आहे, याचा अर्थ तारही सहन करते आहे.

निवृत्त_तारतंत्री

@सव्वासात, हा समज इतका सार्वत्रिक आहे की त्याचे उत्तर सविस्तर देतो. ६० अँपिअरचा फ्यूज म्हणजे ६१ अँपिअरला तुटणारा फ्यूज नव्हे. सर्वसाधारण फ्यूज आपल्या अंकित क्षमतेच्या सव्वापट प्रवाह तासभर न वितळता वाहून नेईल, असेच त्याचे मानक असते. ६० ची सव्वापट म्हणजे ७५. धागाकर्त्यांचे दोन्ही शॉवर ७२ अँपिअर घेतात आणि तेही पंधरा-वीस मिनिटे. म्हणजे तो फ्यूज जन्मभर उडणार नाही, आणि तरीही रोज सकाळी त्याची बैठक व तिचे सांधे तापत राहतील. एमसीबीचेही, म्हणजे जास्त प्रवाहाला आपोआप पडणाऱ्या स्विचचेही, असेच आहे. घरगुती एमसीबी अंकित क्षमतेच्या १.१३ पट प्रवाहाला तासभर पडत नाही आणि १.४५ पट प्रवाहाला तासाभराच्या आत पडतो. ४० चा एमसीबी ४५ अँपिअरवर निवांत बसून राहतो, त्यात त्याचा काही दोष नसतो. लहान अतिभारापासून घर वाचवायचे काम मुळात आखणीचे आहे, फ्यूजचे नाही.

कोमट_पाणी

थोडक्यात, फ्यूज हा फार सोशिक प्राणी आहे आणि आपण त्याच्या सोशिकपणालाच संमती समजतो.

वळचण

मी घर भाड्याने देणारा आहे, त्यामुळे या धाग्यावर माझी बाजू एकाकी पडेल याची कल्पना आहे, तरी लिहितो. मी घर दिले तेव्हा तिथे दोन माणसे राहणार होती. करारात दोन नावे होती. वर्षभरात तिथे पाच जण राहू लागले आणि मग शॉवर पुरत नाही, दिवे मंदावतात, पाणी गार येते अशा तक्रारी सुरू झाल्या. घराची वीजजोडणी ज्या वापरासाठी केली होती त्याच्या अडीचपट वापर होत असेल, तर "एका वेळी एकच चालवा" ही सूचना तुटक असली तरी तांत्रिकदृष्ट्या चुकीची नाही. मालक तसे म्हणाले म्हणून त्यांना लगेच खलनायक ठरवू नये.

भाडेपावती

वळचण यांचा पहिला मुद्दा मला पटतो, दुसरा पटत नाही. माणसे वाढली असतील तर ते भाडेकरूंनी कळवायला हवे, यात शंका नाही. परंतु इथे धागाकर्त्यांनी चौघांचा उल्लेख केला आहे आणि घरात दोन शॉवर मालकांनीच बसवलेले आहेत. दोन्ही एकदम चालवू नयेत अशी अट असेल, तर ती घर देताना लेखी सांगायला हवी होती आणि शॉवरच्या स्विचशेजारी पाटी लावायला हवी होती. फोनवर उच्चारलेल्या एका वाक्याने तार जाड होत नाही, आणि नंतर घरात येणाऱ्या पाहुण्याला ते वाक्य ऐकूही येत नाही.

दुसरे असे की "कोमट पेटी" ही तक्रार आणि "दोन शॉवर" ही तक्रार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली सुरक्षिततेची आहे आणि तिला "कमी वापरा" हे उत्तर होऊ शकत नाही. धागाकर्त्यांनी आजच मालकांना लेखी कळवावे: कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणती उपकरणे चालू असताना पेटी तापली आणि दिवा मंदावला. शॉवरवरच्या पाट्यांचे छायाचित्र जोडावे. भिंतीतील वायरिंग मालकाचे, मीटरपर्यंतचा पुरवठा वीज कंपनीचा आणि प्लगला लावलेली उपकरणे भाडेकरूची, अशी सर्वसाधारण विभागणी असते. तपशील तुमच्या करारात पाहावा. मात्र मालकाच्या संमतीशिवाय स्वतःचा वायरमन आणून पेटीत बदल करू नये. उद्या काही बिघडले तर त्याची जबाबदारी विनाकारण तुमच्यावर येईल.

वळचण

पाटी लावायला हवी होती, हे मान्य.

पन्हळ

सगळे जण विजेबद्दल बोलत आहेत, पण पाण्याचा विचार कोणीच केलेला दिसत नाही. मी नळकाम करते म्हणून ही बाजू लिहिते.

एका मिनिटाला एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला साधारण ७० वॅट लागतात. हा आकडा लक्षात ठेवला की शॉवरचे निम्मे गूढ उकलते. वरचा ९.५ चा शॉवर प्रत्यक्षात ८.७ किलोवॅट देतो असे धरा. येणारे पाणी १० अंश असेल आणि अंघोळीला ४० अंश हवे असेल, तर तो मिनिटाला जेमतेम ४.१ लिटर देऊ शकतो. येणारे पाणी २० अंशांचे असेल तेव्हा तोच शॉवर ६.२ लिटर देतो. थंडीच्या दिवसांत शॉवर "मेला आहे" अशी तक्रार येते, तेव्हा तो मेलेला नसतो, पाणी जास्त गार झालेले असते.

आता दोन शॉवर एकदम उघडले की एकाच नळवाहिनीतला दाब दोघांत वाटला जातो. या शॉवरना चालण्यासाठी साधारण एक बार दाब लागतो, म्हणजे दहा मीटर उंचीवरच्या टाकीइतका. एक मजला वर ठेवलेली टाकी जेमतेम ०.३ बार देते. दाब ठरावीक पातळीखाली गेला की आतला स्विच तापवणेच बंद करतो, नाहीतर कमी झालेल्या प्रवाहात पाणी भाजण्याइतके तापेल. म्हणून खाली कोणी शॉवर सुरू केला की वरच्याच्या अंगावर आधी कढत आणि मग एकदम गार पाणी येते, आणि दोष बिचाऱ्या कॉइलला दिला जातो.

पाणी वाचवणारी बारीक छिद्रांची झारी काही जण स्वतःच आणून लावतात. तशी झारी या प्रकारच्या शॉवरना लावू नये. मागे दाब वाढतो, आतले पाणी अतितप्त होते आणि दाबमुक्तीची झडप फुटून भिंतीवर धार लागते. क्षार साचून झारी तुंबली तरी हेच होते, त्यामुळे ती अधूनमधून साफ करावी.

सव्वासात

आमच्याकडे नेमके हेच होत असे! आम्ही सहा वर्षे त्याला शॉवरचा स्वभाव समजत होतो.

फिकट_निळा

एक भाबडा प्रश्न विचारतो. दोन्ही शॉवर एकदम चालवल्यामुळे बिल जास्त येते का? आमच्या घरातल्या मोठ्या माणसांचा तसा ठाम विश्वास आहे.

निवृत्त_तारतंत्री

नाही. दहा मिनिटांच्या अंघोळीला ८.७ किलोवॅटने साधारण १.४५ युनिट लागतात. दोघांनी एकदम अंघोळ केली काय किंवा एकापाठोपाठ केली काय, युनिट २.९ च्या आसपासच होणार, कारण दुसऱ्या शॉवरची क्षमता थोडी कमी असली तरी पाणी तेवढेच तापवायचे असते. फरक पडतो तो भारात. अपवाद एवढाच की ज्या वीजदरात कमाल मागणीनुसार आकार लावला जातो, तिथे एकदम चालवणे महाग पडू शकते.

दोन_बादल्या

विषयाला धरूनच एक अनुभव सांगतो. मी पूर्वी ज्या खोलीत राहत होतो, तिथल्या न्हाणीघरात गरम पाणी नव्हते. माझ्या सोबत्याने ३ किलोवॅटचा तापता नळ आणला आणि तो खोलीतल्या एक्स्टेंशन बोर्डावरून जोडला. ३ किलोवॅट म्हणजे १३ अँपिअर, आणि शॉवरच्या मानाने हा आकडा किरकोळ वाटतो. परंतु तो बोर्ड मोबाइल आणि पंख्यासाठी बनवलेला होता, आणि त्याची गुंडाळलेली वायर पलंगाखाली होती. चौथ्या दिवशी प्लगची एक पिन सॉकेटमध्ये चिकटून बसली. बाहेर काढली तेव्हा तिच्याभोवतीचे प्लास्टिक वितळून खाली ओघळले होते. फ्यूज उडाला नव्हता, दिवा मंदावला नव्हता, केवळ माशासारखा एक विचित्र वास दोन दिवस येत होता आणि आम्ही खिडकी उघडून त्याचा बंदोबस्त केला होता. तो वास तापलेल्या प्लास्टिकचा असतो, हे मला त्या दिवशी कळले.

चौकट_राजा

ईएलसीबी बसवला असेल तर हे धोके उरत नाहीत ना? आमच्याकडे ३० मिलिअँपिअरचा आहे.

निवृत्त_तारतंत्री

@चौकट_राजा, उरतात. तो गळती ओळखतो, म्हणजे फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पूर्ण परत आला नाही तर पुरवठा तोडतो. शॉवरसाठी तो अत्यावश्यक आहे, कारण ओल्या अंगाचा माणूस आणि वीज तिथे शेजारी असतात. पण ७२ अँपिअर गेले आणि ७२ परत आले, तर त्याच्या दृष्टीने सगळे आलबेल आहे. दोन_बादल्या यांचा प्लग त्याच्या डोळ्यांदेखत वितळला असता.

माळा

मला मूळ उपायच चुकीचा वाटतो. चार माणसांच्या घरात दोन मोठे तात्काळ शॉवर ठेवण्यापेक्षा साठवणीचा एकच गीझर बसवावा. १०० लिटरची टाकी ६० अंशांवर ठेवली आणि येणारे पाणी १५ अंशांचे असले, तर त्यातून ४० अंशांचे १८० लिटर पाणी मिळते. मिनिटाला आठ लिटरच्या झारीने ते बावीस मिनिटे पुरते. भार फक्त ३ किलोवॅट, म्हणजे १३ अँपिअर. टाकी तापायला पावणेदोन तास लागतात, ते पहाटे टायमर लावून उरकता येते.

पन्हळ

@माळा, गणित बरोबर आहे, पण चार माणसांना बावीस मिनिटे म्हणजे प्रत्येकी साडेपाच मिनिटे झाली. चौथा माणूस ज्या दिवशी केस धुवायला बसेल त्या दिवशी तुमचे नाव काढील. शिवाय टाकी बसवणे म्हणजे नळ फिरवणे, वजनासाठी भिंत तपासणे आणि मालकाचा खर्च. भाड्याच्या घरात हा उपाय सुचवणे सोपे असते, पदरात पाडून घेणे अवघड असते.

अर्धा_इंच

आमच्या घरात यावर एक मधला मार्ग निघाला होता. दोन शॉवरसाठी अग्रक्रमाची पेटी मिळते. तिच्यात दोन्ही शॉवरच्या तारा येतात आणि आतला कॉन्टॅक्टर एका वेळी एकालाच वीज देतो. जो आधी सुरू होईल तो चालतो आणि तो बंद होईपर्यंत दुसऱ्याला पुरवठा मिळतच नाही. वेळापत्रक, पाटी आणि आठवण या तिन्हींचे काम ती करते. तिची किंमत मुख्य पुरवठा वाढवण्याच्या मानाने पुष्कळ कमी असते आणि मालक सहसा तयार होतात.

मात्र एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आमच्याकडे मालकांच्या माणसाने आधी "सोपा उपाय" म्हणून वारंवार पडणारा ३२ चा एमसीबी काढून ४५ चा बसवला होता. तार मात्र जुनी ६ चौरस मिलिमीटरचीच राहिली, आणि तीसुद्धा माळ्यावरच्या उष्णतारोधक थराखालून गेलेली. मोकळ्या भिंतीवरून गेलेली तार जेवढा प्रवाह पेलते तेवढा ती अशा थराखाली पेलत नाही, कारण तिची उष्णता बाहेरच पडत नाही. एमसीबी पडणे थांबले आणि आम्ही आनंदात होतो. पुढे तपासणीसाठी आलेल्या वायरमनने ती तार वाकवून दाखवली, तर वरचे आवरण बिस्किटासारखे तुटले.

भाडेपावती

अर्धा_इंच यांचा दुसरा परिच्छेद प्रत्येक मालकाला छापून द्यावा असा आहे.

वळचण

मी मालक आहे आणि मी तो वाचला आहे. माझ्या घरातला एमसीबी उद्या जाऊन बघणार आहे.

उंबरठा (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीन आठवड्यांनी परत येऊन काय झाले ते लिहितो.

भाडेपावती यांनी सांगितल्याप्रमाणे तारखा, वेळा आणि छायाचित्रे जोडून मालकांना लेखी कळवले. फोनवर एका वाक्यात उरकलेला विषय कागदावर दोन पाने झाला आणि चौथ्या दिवशी वायरमन आले. मुख्य फ्यूज ६० चाच निघाला. मेन स्विचमधला न्यूट्रलचा स्क्रू सैल होता आणि त्याच्याजवळच्या तारेचे आवरण तपकिरी पडून कडक झाले होते. ती तार कापून नवीन सांधा केला आणि मेन स्विचही बदलला. वरच्या शॉवरची तार १० चौरस मिलिमीटरची आहे आणि ती ठीक आहे. खालची ६ ची आहे, पण ती पूर्ण लांबीभर भिंतीवरून उघडी जाते, त्यामुळे ३४ अँपिअरला पुरेशी आहे असे ते म्हणाले.

मालकांनी अग्रक्रमाची पेटी बसवून दिली आहे आणि मुख्य फ्यूज वाढवून मिळेल का, याची वीज कंपनीकडे विचारणा केली आहे. कंपनी आधी बाहेरून येणारी वाहिनी तपासणार आहे. आता दिवा पूर्वीसारखा मंदावत नाही. वरचा शॉवर सुरू होताना एकदा किंचित लवतो, तेवढे चालते असे वायरमन म्हणाले.

कोमट_पाणी

आणि फ्यूज उडेपर्यंत काळजी न करणारे तुमचे मित्र? त्यांना तो तपकिरी तुकडा दाखवलात का?

उंबरठा (धागाकर्ता)

दाखवला. त्यांनी तो नीट पाहिला आणि मग अग्रक्रमाच्या पेटीची पद्धत समजावून घेतली. आता ते रोज पावणेसातला वरचा शॉवर सुरू करून ठेवतात आणि मग दात घासायला जातात. त्या वेळात खालच्याला वीज मिळत नाही. यावर वायरमनकडे कोणतीही पेटी नाही, म्हणून आम्ही तुमचे वेळापत्रक पुन्हा दारावर लावले आहे, यावेळी प्लास्टिकच्या पाकिटात घालून.